उएनो पार्कचा साकुरा : जाण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. पुण्याची मावसबहीण, ठाण्याचे जुने शेजारी, ऑफिसातल्या कुणाचे तरी आई-बाबा. "आम्ही येतोय, फुलं कधी? कुठे जायचं? डब्याचं काय?" टोकियोत येऊन मला बारा वर्षं झाली. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या दिवसांत इथल्या उएनो पार्कला एक तरी फेरी होतेच, आणि दरवेळी कुणीतरी पाहुणे सोबत असतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

फुलं नेमकी कधी फुलतात?

टोकियोची सरासरी सांगायची तर पहिली फुलं २४ मार्चच्या सुमाराला आणि पूर्ण बहर ३१ मार्चच्या सुमाराला. पण सरासरीवर तिकीट काढू नका. २०२१ मध्ये पहिली फुलं १४ मार्चलाच उमलली, तर २०२४ मध्ये २९ मार्च उजाडावा लागला. थंडी किती पडली आणि मार्चमध्ये ऊन किती तापलं, यावर सगळं अवलंबून असतं.

"फुलं आली" हे जाहीर कसं करतात, तेही ऐकण्यासारखं आहे. यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याची माणसं तिथे जाऊन फुलं मोजतात. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की शहराचा साकुरा सुरू झाला. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. या दोन्हींमध्ये साधारण आठवडा जातो. पूर्ण बहरानंतर आणखी आठवडाभर फुलं टिकतात, पण मध्ये एखादा वादळी पाऊस झाला तर एका दिवसात झाड रिकामं होतं.

तारखा आधीच ठरवायच्या असतील तर २७ मार्च ते ३ एप्रिल धरा आणि टोकियोत किमान चार दिवस ठेवा. चारांतला एक दिवस तरी साधतोच.

पाडव्याच्या सुट्टीला जोडून येणारेही बरेच असतात. २०२५ साली पाडवा ३० मार्चला होता आणि टोकियोत पूर्ण बहर जाहीर झाला तोही त्याच दिवशी. सकाळी घरी गुढी उभारली आणि श्रीखंडाचा डबा घेऊन आम्ही उएनोला गेलो. असा योग रोज येत नाही.

टोकियोत इतक्या जागा असताना उएनोच का?

कारण उएनोला बसता येतं. चिदोरिगाफुचीचा खंदक अप्रतिम दिसतो, पण तिथे गर्दीबरोबर चालत राहावं लागतं. शिंजुकू ग्योएन बाग फार सुंदर आहे, पण तिकीट आहे, दारूला बंदी आहे आणि संध्याकाळी फाटक बंद होतं. मेगुरो नदीकाठी उभं राहून फोटो काढायचा आणि पुढे सरकायचं. उएनोत मात्र सतरंजी टाकून, बूट काढून, मांडी घालून झाडाखाली तास न् तास बसायचं. साकुरा बघणं म्हणजे 'हानामी' हे खरं तर बसण्याचं काम आहे. आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते : दहा बागा बघू नका, एका झाडाखाली बसा.

या पार्कला ऐतिहासिक का म्हणतात?

हे उत्तर लांबेल, पण हे कळल्यावर तीच झाडं वेगळी दिसतात.

उएनोची टेकडी मुळात देवळाची. १६२५ साली तेन्काई नावाच्या भिक्षूने शोगुनच्या, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी प्रमुखाच्या, आश्रयाने इथे कानएजी हे प्रचंड मंदिर उभारलं. क्योतोच्या हिएइ पर्वतावरच्या मठाचा आदर्श त्याच्यापुढे होता. योशिनोच्या डोंगरावरचा साकुरा त्याने इथे आणून लावला. त्यामुळे इथली फुलं बघायला लोक येतात त्याला चारशे वर्षं होत आली. पण हे शोगुनच्या घराण्याचं मंदिर. गाणं-बजावणं चालायचं नाही आणि अंधार पडला की सगळ्यांनी बाहेर. ज्यांना धमाल करायची ते आसुकायामाला जायचे. आठव्या शोगुनने, योशिमुनेने, लोकांसाठीच तिथे साकुरा लावून घेतला होता.

१८६८ च्या जुलैमध्ये भर पावसात या टेकडीवर लढाई झाली. शोगुनच्या बाजूचे शोगिताइ नावाचे योद्धे इथे ठाण मांडून होते. नव्या सम्राट-सरकारच्या तोफांपुढे एका दिवसात सगळं संपलं आणि मंदिराचा बराचसा भाग जळून गेला. पार्कच्या दक्षिणेला कुत्र्याला घेऊन उभा असलेला साइगो ताकामोरीचा पुतळा सगळ्यांना माहीत असतो, सगळे तिथे फोटो काढतात. साइगो त्या लढाईत हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने होता. त्याच्या पाठीमागे चार पावलं गेलात तर शोगिताइंची समाधी आहे. जिंकणारा आणि हरलेले एकाच आवारात, एकाच बहराखाली. तिथे दोन मिनिटं थांबा.

लढाईनंतर या ओसाड टेकडीवर वैद्यकीय शाळा आणि इस्पितळ बांधायचं ठरत होतं. बाउडुइन नावाच्या डच डॉक्टरने ही जागा पाहिली आणि इतकी झाडी तोडू नका, इथे सार्वजनिक बाग करा, असं सुचवलं. १८७३ मध्ये जपानने पहिली सार्वजनिक उद्यानं जाहीर केली, त्यांत उएनो होतं. पार्कमध्ये या डॉक्टरचा अर्धपुतळा आहे. १९७३ मध्ये बसवलेला पुतळा चुकून त्याच्या भावाच्या चेहऱ्याचा निघाला. २००६ मध्ये तो बदलून खरा बसवला. उपकारकर्त्याचा चेहरा बरोबर असावा म्हणून इतक्या वर्षांनी केलेली ही दुरुस्ती मला फार आवडते.

१९२३ च्या महाभूकंपात शहर जळत असताना लाखो माणसं या टेकडीवर आली. हरवलेल्या नातेवाइकांची नावं लिहिलेले कागद साइगोच्या पुतळ्यावर चिकटवले गेले होते. १९२४ मध्ये राजघराण्याने ही जागा टोकियो शहराला दिली. पार्कच्या पूर्ण नावात 'ओन्शी' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'राजाने दिलेलं'.

झाडं किती आणि कोणती?

साकुराची आठशेच्या वर झाडं आहेत. त्यांत बहुसंख्य सोमेइ योशिनो जातीची. पाच पाकळ्या, उमलताना फिकट गुलाबी आणि पूर्ण उमलल्यावर जवळजवळ पांढरी. पानं नंतर येतात, म्हणून सगळं झाड नुसतं फुलांचं दिसतं. फूल तोडायचं नाही, पण डोळ्यांजवळ फांदी आली तर नीट बघा : प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीकशी खाच असते आणि देठावर लव. खोडावर आडव्या रेघा असतात. फुलं नसतानाही त्यांवरून साकुरा ओळखता येतो.

सगळी झाडं एकदम कशी फुलतात, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आपल्या हापूससारखं आहे. कोय लावून अस्सल हापूस मिळत नाही, कलमच करावं लागतं. सोमेइ योशिनोही कलमांनीच वाढवलेला आहे, म्हणजे सगळी झाडं एकाच झाडाची रूपं. एका हवेत एकाच वेळी फुलणार, एकाच वेळी झडणार. एदो काळाच्या, म्हणजे शोगुनांच्या राजवटीच्या, अखेरीस सोमेइ गावच्या माळ्यांनी तो विकायला सुरुवात केली. पण त्याला हे नाव मिळालं ते उएनोमुळे : इथल्या साकुराच्या जाती तपासताना ही वेगळी असल्याचं एका अभ्यासकाच्या लक्षात आलं आणि १९०० मध्ये त्याने 'सोमेइ योशिनो' हे नाव छापलं. मूळ झाड कदाचित याच पार्कमधलं, प्राणिसंग्रहालयाजवळच्या कोमात्सु राजपुत्राच्या पुतळ्यामागचं असावं, असा अंदाजही संशोधकांनी मांडला आहे.

कियोमिझु कान्नोन देवळाच्या मागे झुकलेल्या फांद्यांचा एक साकुरा आहे. त्याला शूशिकीचं झाड म्हणतात. विहिरीकाठच्या या झाडाखाली दारू पिऊन झिंगलेली माणसं पाहून मिठाईवाल्याच्या तेरा वर्षांच्या पोरीने, पडतील बिचारे, अशा अर्थाचा हायकू केला आणि तिचं कवितेतलं नाव झाडाला मिळालं, अशी कथा आहे. आताचं झाड मूळचं नाही. जुनं गेलं की त्याच जागी नवं लावत आले आहेत.

तिकीट आहे का? वेळ काय?

तिकीट नाही. पहाटे ५ ते रात्री ११ उघडं.

पोहोचायचं कसं?

यामानोते लाइनने उएनो स्टेशन. मेट्रोच्या गिंझा आणि हिबिया लाइनही इथे येतात. नारिता विमानतळावरून केइसेइ स्कायलायनर ही गाडी पकडली तर पाऊण तासात थेट उएनो.

जेआर (जपान रेल्वे) स्टेशनात 'पार्क एक्झिट'ची पाटी शोधा. बाहेर पडलं की समोर पार्क, मध्ये गाड्यांचा रस्ताच नाही. गुडघे दुखणाऱ्यांना आणि व्हीलचेअर असेल तर हाच मार्ग. साइगोच्या पुतळ्याकडून गेलात तर पायऱ्या चढाव्या लागतात. मोठ्या बॅगा घेऊन येऊ नका. स्टेशनवर लॉकर आहेत, पण बहरात सकाळी दहालाच भरतात.

सतरंजी कुठे टाकायची? जागा मिळते का?

मधल्या मोठ्या वाटेच्या कडेला आणि आखून दिलेल्या जागांमध्ये बसता येतं. निळी प्लास्टिकची चटई शंभर येनच्या दुकानात मिळते. तिच्याखाली पुठ्ठा किंवा जाड वर्तमानपत्र घाला, नाहीतर जमिनीचा गारवा वर येतो. खुंट्या ठोकायच्या नाहीत, झाडाला दोरी बांधायची नाही आणि चटई टाकून निघून जायचं नाही. माणूस नसलेली चटई उचलली जाते. म्हणून तर ऑफिसातला सगळ्यात नवा मुलगा सकाळपासून एकटा चटईवर बसलेला दिसतो. संध्याकाळी साहेब आणि बाकीची मंडळी येतात.

शनिवार-रविवारी आठच्या आत पोहोचा. आठवड्यातल्या दिवशी दहालाही आरामात जागा मिळते.

अगदी बुंध्याला टेकून बसू नका. साकुराची मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. हजारो माणसांच्या वजनाने माती दाबली जाते आणि झाड हळूहळू मरतं. पहिल्याच वर्षी आम्ही मुळांवर ऐसपैस पसरलो होतो. एक म्हातारे रक्षक आले, कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली आणि चटई दोन हात मागे घ्यायला सांगितली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तेव्हापासून आधी मुळं बघते, मग चटई उघडते.

खायला काय? आम्ही शाकाहारी आहोत.

जपानी हानामीचा डबा बघण्यासारखा असतो, पण शाकाहाऱ्यांनी जपून राहावं. माशाचा अर्क, म्हणजे 'दाशी', जवळजवळ सगळ्यात असतो. दिसायला साध्या भाजीतही. बिनधास्त खा ते गोड पदार्थ : गुलाबी-पांढरा-हिरवा असा तीन रंगांचा दांगो तांदळाच्या पिठाचा असतो. साकुरा-मोची म्हणजे आत लाल चवळीसारख्या अझुकी डाळीचं गोड पुरण, बाहेर तांदळाचं किंवा गव्हाच्या पिठाचं आवरण आणि त्यावर मिठात मुरवलेलं साकुराचंच पान. पान काढू नका, त्यासकट खा. खारट आणि गोड एकदम तोंडात येतं आणि त्या पानाचा वास दिवसभर जिभेवर राहतो.

पोटभरीसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे घरचा डबा. दशम्या, दाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. कुणी वळूनसुद्धा बघत नाही. उलट शेजारच्या चटईवरच्या आजीबाई चटणी चाखून बघतात आणि बदल्यात काहीतरी पुढे करतात. डबा नसेल तर दहा-पंधरा मिनिटं चालून ओकाचिमाचीला जा. तो दागिन्यांचा आणि रत्नांचा बाजार आहे. तिथे भारतीय व्यापारी बरेच आहेत, त्यामुळे शाकाहारी भारतीय जेवण मिळतं. वाटेत आमेयोकोचा बाजार लागतो, तोही बघून होईल.

तिथे दारू पितात म्हणे. मुलांना, आई-बाबांना घेऊन जावं का?

पितात, उघडपणे पितात आणि संध्याकाळनंतर आवाजही चढतो. पण त्रास देत नाहीत. तरीही कुटुंब असेल तर सकाळी या आणि चारच्या सुमाराला निघा. मुलं हरवू नयेत म्हणून आल्या आल्या भेटण्याची जागा ठरवा. साइगोचा कुत्रा लहान मुलांच्या चांगला लक्षात राहतो. बायकांच्या स्वच्छतागृहासमोर भली मोठी रांग असते, म्हणून स्टेशनवरच जाऊन या. कचऱ्यासाठी घरून दोन पिशव्या आणा. पार्कमधले डबे दुपारपर्यंत भरून वाहतात.

तिथे सरस्वतीचं देऊळ आहे, हे खरं का?

खरं आहे. पार्कच्या खालच्या अंगाला शिनोबाझु तलाव आहे. त्यातल्या बेटावर आठ कोनांचं बेन्तेनदो देऊळ आहे. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आली. वीणेच्या जागी तिच्या हातात बिवा नावाचं वाद्य आलं आणि पाण्याशी असलेलं तिचं नातं इथेही टिकलं, म्हणून देऊळ तलावात. जुनं देऊळ १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, आताचं १९५८ चं.

माझी आई आली होती तेव्हा तिला हे आधी सांगितलं नव्हतं. पुलावरून चालत गेलो, आवारात दगडात घडवलेलं बिवा वाद्य दिसलं, तेव्हा सांगितलं. तिने पर्स माझ्याकडे दिली, चपला काढल्या आणि 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' पूर्ण म्हटलं. मागे रांगेत उभे असलेले जपानी आजोबा तिचं संपेपर्यंत शांत थांबले आणि मग पुढे झाले.

प्राणिसंग्रहालय आणि म्युझियम त्याच दिवशी करावीत का?

एकाच दिवशी सगळं नको. एक निवडा. बहुतेक ठिकाणं सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवा.

प्राणिसंग्रहालय १८८२ चं, जपानमधलं सगळ्यात जुनं. मोठ्यांना ६०० येन तिकीट आहे. आपल्या माणसांनी तिथल्या हत्तींची गोष्ट माहीत करून जावी. १९४३ मध्ये हवाई हल्ल्यात प्राणी मोकाट सुटतील या भीतीने मोठे प्राणी मारायचा हुकूम निघाला. हत्तींना उपाशी ठेवून मारलं. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांनी हत्ती मिळावा म्हणून भारताकडे पत्रं पाठवली आणि १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी एक हत्तीण पाठवली. तिला नाव दिलं आपल्या मुलीचं, इंदिरा. ती १९८३ पर्यंत इथे जगली. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही टोकियोकराला भारत म्हटल्यावर इंदिरा आठवण्याची दाट शक्यता आहे. माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्या भेटीत मला तिच्याबद्दलच विचारलं होतं.

म्युझियमपैकी पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय पार्क एक्झिटच्या समोरच आहे. इमारत ल कॉर्बुझिएची, म्हणजे ज्याने चंदीगड उभारलं तोच. २०१६ मध्ये त्याच्या कामांना जागतिक वारसा म्हणून एकत्र मान मिळाला, त्या यादीत ही इमारत आणि चंदीगडचं कॅपिटॉल संकुल शेजारी शेजारी आहेत.

रात्री जावं का?

एकदा तरी. झाडांच्या रांगेतून कागदी कंदिलांच्या माळा लावलेल्या असतात, साधारण आठपर्यंत पेटलेल्या असतात. आमच्या आकाशकंदिलाची आठवण येतेच. फक्त गरम कपडे घ्या. दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि सात वाजता दात वाजतात. या दिवसांतल्या गारठ्याला जपानीत 'हानाबिए', म्हणजे फुलांची थंडी, असा खास शब्द आहे.

भारतात साकुरा बघायला मिळत नाही का?

मिळतो. शिलाँगला नोव्हेंबरमध्ये रानटी हिमालयी चेरी, म्हणजे पद्मकाष्ठ, बहरते. जपानचा व्हिसा, तिकीट जमत नसेल तर जरूर जा. जात वेगळी, ऋतूही वेगळा.

फुलं अख्खीच्या अख्खी गळताना दिसतात. झाडाला रोग आहे का?

नाही, चिमण्या आहेत वर. साकुरा झडतो तो एकेका पाकळीने. पाच पाकळ्यांचं फूल भिरभिरत खाली आलं तर उचलून बघा, देठाशी कुरतडलेलं असेल. चिमणीची चोच आखूड, तिला समोरून मध पोहोचत नाही, म्हणून ती मागून फूल तोडून चोखते आणि टाकून देते. बुलबुल तसं करत नाही, फुलात तोंड घालून पितो, पिवळ्या परागांनी माखतो. खाली पडलेलं असं फूल वहीत ठेवायला हरकत नाही. फांदी ओढणं, हलवून पाकळ्या पाडणं, असलं मात्र कुणी फोटोसाठी करायला सांगितलं तरी करू नका.

आम्ही पोहोचेपर्यंत बहर सरला तर?

हा प्रश्न रडवेल्या आवाजात येतो, आणि मला याचंच उत्तर द्यायला सगळ्यात आवडतं. प्राजक्त बघायला आपण झाडाकडे बघतो की सड्याकडे? बहर सरताना वाऱ्याची एक झुळूक येते आणि सगळी वाट पांढरी होते. त्याला इथे 'साकुरा-फुबुकी', पाकळ्यांचं हिमवादळ, म्हणतात. चटईवर, डब्यात, चहाच्या कपात पाकळ्या येऊन पडतात. जपानी लोक त्या काढून टाकत नाहीत.

त्यानंतरही दोन-तीन दिवस शिनोबाझु तलावाकडे जा. पाकळ्या काठाला साचून पाण्यावर गुलाबी तराफे तरंगत असतात, त्यांना 'हानाइकादा' म्हणतात. एप्रिलच्या मध्यानंतर आलात तर तोशोगू देवळाच्या बागेत मोठमोठ्या पिओनी फुललेल्या असतात, आणि साकुराला कोवळी पानं आलेली असतात. त्या दिवसांत चटईला जागा हवी तिथे मिळते. मागच्या खेपेला मावशी एप्रिलच्या दहा तारखेला आली. आम्ही तलावाकाठच्या बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. एक बदक तराफ्यातून पोहत गेलं, त्याच्यामागे पाण्याची काळी रेघ उघडली आणि पाकळ्यांनी ती हळूहळू पुन्हा बुजवली.